फुलोऱ्यातला फवारा

जानेवारी संपत आला की आमच्या दवाखान्यात एका ठरावीक प्रकारचे रुग्ण दिसू लागतात. डोके जड, मळमळ, तोंडाला सारखे पाणी सुटलेले, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि अंगाला दरदरून घाम. ऐन थंडीत घाम फुटलेला माणूस समोर आला की निदानाला फार विद्वत्ता लागत नाही. "सकाळी औषध मारलं का?" एवढे विचारले की पुरते. अडचण पुढच्या प्रश्नाला येते. "कोणतं औषध?" सोबत आलेला भाऊ सांगतो, "दोन-तीन मिळून होतं साहेब, दुकानदारानं दिलं ते."

या माणसाला सलाइन लागते, अॅट्रोपिन मिळते, आणि बहुतेक वेळा तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी चालत घरी जातो. त्याच सकाळी त्याच वावरात त्याच औषधाने हजारो मधमाश्या बाधतात. त्यांची नाडी कोणी पाहत नाही. आजचा लेख त्यांच्याविषयी आहे. आरोग्याच्या सदरात मधमाशीचे काय काम, असे कोणी विचारील. पण विष एकच, ते मारण्याची वेळ एकच आणि ते सुचवणारा माणूसही एकच. मग आजाराचा विचार तरी दोन ठिकाणी कशाला करायचा?

आपल्याकडचे अगदी घरचे उदाहरण म्हणजे बियाण्याचा कांदा. नाशिक, अहिल्यानगर या पट्ट्यात उळे विकत घ्यायचे म्हटले तर भाव ऐकून घाम फुटतो, म्हणून पुष्कळ शेतकरी डोंगळे घरीच लावतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कांदा लावला की जानेवारी-फेब्रुवारीत त्याला पांढरे गोंडे येतात. एका गोंड्यात शेकडो बारीक फुले. निसर्गाने येथे एक गंमत करून ठेवली आहे. फुलातला पराग आधी गळतो आणि त्याच फुलाचे स्त्रीकेसर नंतर तयार होते. म्हणजे ज्या वेळी फूल पराग घ्यायला सिद्ध होते त्या वेळी त्याचा स्वतःचा पराग संपलेला असतो. तो दुसऱ्या फुलावरूनच यावा लागतो. कांद्याचा पराग वाऱ्याने फारसा उडत नाही, तो कोणाच्या तरी अंगाला चिकटून जातो. हे काम मुख्यतः मधमाशी करते. ती आली नाही तर गोंडा दिसायला भरगच्च राहतो, पण हातावर चोळल्यावर बी निघते मोजके, आणि त्यातही पोकळ दाणे बरेच.

गेल्या काही वर्षांत डोंगळ्यावर माशी बसत नाही ही तक्रार मी माझ्या टेबलासमोर बसून अनेकांकडून ऐकली आहे. रक्तदाब तपासायला आलेला माणूस शेवटी डोंगळ्यावरच घसरतो. कोणी गुळाचे पाणी शिंपडून माश्यांना बोलावतो, कोणी बांधाला मोहरी-बडीशेप लावतो, कोणी बायामाणसे लावून गोंड्यांवरून हात फिरवून घेतो. आता काहीजण मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून ठेवू लागले आहेत. ही चांगली गोष्ट आहे. मात्र पेटी आणली म्हणजे फुलकिडे गेले असे होत नाही. फुलकिडे असतातच, आणि फुलकिड्यांसाठी पंप पाठीवर चढतोच.

पेट्या ठेवण्याचा व्यवसाय करणारा एक गृहस्थ माझ्याकडे पाठदुखीसाठी येतो. पेट्या रात्री उचलून टेंपोत चढवायच्या, म्हणजे पाठ जायचीच. गेल्या हंगामात त्याने एका गावात पेट्या मांडल्या. ज्याने त्या ठेवल्या होत्या त्या शेतकऱ्याने शब्द पाळला, एक थेंब मारला नाही. शेजारच्याने मात्र सकाळी नऊ वाजता फवारा धरला. "साहेब, दारात मेलेल्या माश्यांचा ढीग पडला असता तर निदान भांडता तरी आलं असतं," तो म्हणाला. "ढीग पडलाच नाही. चार-पाच दिवसांत पेटी उचलली तर हातालाच हलकी लागली."

हे वाक्य मला वैद्यक म्हणून फार महत्त्वाचे वाटले, कारण विषबाधेचे दोन निरनिराळे प्रकार त्यात येऊन जातात.

पहिला प्रकार आम्हा डॉक्टरांच्या ओळखीचा. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषधे मज्जातंतूंच्या टोकाशी काम करणारे एक एन्झाइम बंद पाडतात. एका तंतूकडून दुसऱ्याकडे निरोप गेला की तो पुसून टाकणे हे त्या एन्झाइमचे काम. ते थांबले की निरोप वाजतच राहतो. माणसात लाळ, घाम, स्नायूंची थरथर आणि शेवटी श्वास अडकणे ही लक्षणे त्यातूनच येतात. मधमाशीतही तेच एन्झाइम आहे. तीही थरथरते, गोल गोल फिरते, सोंड बाहेर पडून लटकते आणि पेटीच्या दारात मरते. ही मेलेली माशी दिसते, म्हणून निदान होते.

दुसरा प्रकार नव्या औषधांचा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन ही नावे शेतकऱ्यांना पाठ आहेत. या गटाला निओनिकोटिनॉइड म्हणतात. तंबाखूतील निकोटिन मज्जातंतूच्या ज्या ठिकाणी जाऊन बसते त्याच ठिकाणी ही औषधे बसतात. कीटकांच्या शरीरात ती फार घट्ट बसतात, माणसाच्या शरीरात त्या मानाने सैल. इमिडाक्लोप्रिड पोटात गेले तर साधारण चार नॅनोग्रॅमला निम्म्या माश्या मरतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. हिशेब केला तर एका ग्रॅममध्ये असे पंचवीस कोटी डोस होतात. पण मला यापेक्षा काळजी वाटते ती न मारणाऱ्या मात्रेची. २०१२ साली फ्रान्समधील संशोधकांनी मधमाश्यांच्या पाठीवर अतिसूक्ष्म चकत्या चिकटवून, त्यांना थायामेथोक्झामची अगदी थोडी मात्रा पाजून, दूर नेऊन सोडले. घरी न परतणाऱ्या माश्यांचे प्रमाण औषधामुळे १० ते ३० टक्क्यांच्या आसपास वाढले. माशी विषाने मेली नाही, ती वाट चुकली. एकटी मधमाशी रात्र काढू शकत नाही. त्यामुळे पेटीच्या दारात ढीग पडला नाही, आणि पेटी हलकी झाली.

पेटीचे म्हणाल तर ती एकेका माशीची बेरीज नव्हे, ते एक कुटुंब आहे. कामकरी माशीचे आयुष्य हंगामात सहा आठवड्यांचे. पहिले तीन आठवडे ती घरात राहून अळ्यांना भरवते, पोळे साफ करते, नंतर बाहेर पडते. बाहेरच्या माश्या एकदम नाहीशा झाल्या की घरातल्या कोवळ्या माश्यांना वेळेआधी बाहेर पडावे लागते. मग अळ्यांना भरवायला कोणी उरत नाही. घरातले कर्ते माणूस गेले आणि शाळेतल्या पोराला कामाला जावे लागले, तर त्या घराचे पुढे काय होते हे आपण गावोगाव पाहतो. पेटीत हे सारे महिन्याभरात घडते.

आता एक गैरसमज. "आम्ही संध्याकाळी फवारतो, माश्या तेव्हा घरी गेलेल्या असतात," असे जाणकार शेतकरी सांगतात. ही सवय उत्तमच आहे, ती सोडू नये. पण ती पुरी पडते केव्हा, तर औषध स्पर्शजन्य असून त्याचा अंश लवकर उतरत असेल तेव्हा. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात शिरते आणि तेथून फुलातल्या मधात व परागात उतरते. ते संध्याकाळी मारले काय आणि सकाळी मारले काय, दुसऱ्या दिवशी माशी ते फुलातूनच उचलते आणि घरी नेऊन अळ्यांना भरवते. आईच्या दुधातून बाळाला औषध जाते म्हणून आम्ही स्तनदा मातेला गोळी देताना दहादा विचार करतो. फुलोऱ्यातल्या शेताला औषध देताना तो विचार कोण करतो?

येथे मी पहिल्या प्रश्नाकडे परत येतो. "दोन-तीन मिळून होतं." एका पंपात कीटकनाशक, बुरशीनाशक, वर एखादे टॉनिक आणि पसरण्यासाठी स्टिकर, हे आता सर्रास झाले आहे. मजुरी वाचते, फेरा वाचतो, हे मान्य. पण आमच्या व्यवसायात औषधे एकत्र देण्याला फार मोठे नियम आहेत आणि ते अनुभवाने, काही रुग्ण गमावून, तयार झालेले आहेत. उदाहरण देतो. इट्राकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी आणि सिमव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी एकत्र देऊ नये. पहिली गोळी यकृतातील औषध पचवणारे एन्झाइम अडवते, दुसरी गोळी रक्तात साठत जाते आणि स्नायू वितळू लागतात. दोन्ही गोळ्या आपापल्या जागी निर्दोष.

कांद्यावर करप्यासाठी मारतात ते प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल हे याच 'अझोल' घराण्यातले. मधमाशीच्या अंगातही विष पचवणारी तशीच एन्झाइम आहेत, आणि तीही अझोल अडवते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रोपिकोनॅझोल सोबत असता असिटामिप्रिड या कीटकनाशकाची मधमाशीवरील विषारता सुमारे शंभरपट वाढली. इमिडाक्लोप्रिडच्या बाबतीत मात्र फारसा फरक पडला नाही. प्रयोगशाळेतला आकडा शेतात जसाच्या तसा उतरत नाही, हे मला कळते. पण डब्यावर "मधमाशीला कमी धोका" असे वाचून निर्धास्त झालेल्या माणसाला दुसऱ्या डब्याने हा धोका किती वाढवला हे कोण सांगणार? त्यात मधमाशीकडे विष पचवण्याची तयारी मुळातच कमी. २००६ साली तिचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा डास किंवा फळमाशीच्या मानाने तिच्याकडे या कामाची जनुके जेमतेम निम्मी निघाली. डासाला आपण वर्षानुवर्षे धूर देतो आणि तो पुरून उरतो. मधमाशीला ते जमत नाही.

आपल्या भाषेतच एक घोटाळा आहे. किडीवर मारायच्या विषाला आपण औषध म्हणतो. बरे, औषधच म्हणू या. मग त्याला चिठ्ठी कोणाची? माणसाचे औषध डॉक्टरने लिहावे आणि दुकानदाराने द्यावे अशी रीत आहे. ती किती पाळली जाते हे मेडिकलच्या काउंटरवर उभे राहिल्यास कळते, तो वेगळा लेख होईल. पिकाच्या औषधाला तर रीतही नाही. रोग सांगणारा, औषध सुचवणारा आणि ते विकून नफा घेणारा एकाच काउंटरमागे उभा असतो. सगळे दुकानदार वाईट आहेत असे नव्हे, काहीजण तळमळीने सांगतात. पण "पिकाला फूल आहे का? आसपास पेट्या आहेत का?" हे दोन प्रश्न विचारणारा दुकानदार मला अजून कोणी सांगितलेला नाही. आम्ही बाईला पोटाचा एक्सरे काढण्याआधी पाळी विचारतो. हा प्रश्न त्याच जातीचा आहे.

कायद्यात काही नाही असेही नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नियमांप्रमाणे डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो आणि आत घडी घातलेले माहितीपत्रक असते. कोणत्या पिकाला किती, विषबाधेची लक्षणे, उतारा, हे सारे त्यात असते. मधमाश्यांना घातक असलेल्या अनेक औषधांच्या पत्रकांत माश्या फिरत असताना फवारू नये असेही लिहिलेले असते. अक्षर मात्र असे की ते वाचायला माझ्याकडून चष्म्याचा नंबर काढून घ्यावा लागेल. शिवाय चारही त्रिकोणांचे रंग सस्तन प्राण्यांवरील विषारतेवरून, म्हणजे मुख्यतः माणसाच्या धोक्यावरून ठरतात. हिरवा किंवा निळा त्रिकोण म्हणजे मधमाशीला सुरक्षित, असा अर्थ त्यातून काढू नये.

युरोपात हा वाद बराच जुना आहे. सूर्यफुलाच्या बियाण्याला इमिडाक्लोप्रिड लावण्यास फ्रान्सने १९९९ साली स्थगिती दिली. २००८ साली जर्मनीच्या ऱ्हाइन खोऱ्यात मका पेरताना बियाण्यावरच्या क्लोथियानिडिनची धूळ उडाली आणि अकरा हजारांवर वसाहतींना बाधा झाली. युरोपीय संघाने २०१३ मध्ये या गटातील तीन औषधांवर निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये त्यांचा उघड्या शेतातला वापरच बंद केला. मग आपल्याकडेही बंदी घाला म्हणजे झाले, असे काही मंडळी म्हणतात.

मला हे इतके सोपे वाटत नाही, आणि त्याचे कारण माझ्या दवाखान्यातली खाट आहे. ऑर्गॅनोफॉस्फेटने किती माणसे दगावतात हे खेड्यातल्या प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. त्या मानाने निओनिकोटिनॉइडने बाधलेला रुग्ण बहुधा वाचतो. उद्या ही नवी औषधे उठवली आणि शेतकरी पुन्हा जुन्याकडे वळला, तर पेटी वाचेल की नाही कोण जाणे, माझी खाट मात्र भरेल. म्हणून मी बंदीपेक्षा वेळेवर जोर देतो. पीक फुलात आहे तोवर कीटकनाशक नाही, कोणतेही नाही. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडा फुटण्याच्या बराच आधी करायचा. आंतरप्रवाही औषध तर फुलोरा दिसण्याच्या पुष्कळ आधीच थांबवायचे. डोंगळ्याचा फुलोरा तीन-चार आठवड्यांचा. तेवढे दिवस फुलकिड्यांचे थोडे नुकसान सोसले तरी बी भरण्यात ते वसूल होते, असे माझे ज्यांच्याशी बोलणे झाले त्या जुन्या बियाणेवाल्यांचे मत आहे.

पेट्या रिकाम्या होण्याचे सगळे पाप फवाऱ्याच्या माथी मारणेही खरे नाही. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात थायी सॅकब्रूड नावाच्या विषाणूने आपल्या सातेरी माश्यांच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या. मेलिफेरा माश्यांच्या पेट्यांत व्हरोआ नावाचा कोळीवर्गीय परजीवी असतो, तो रक्त शोषणाऱ्या गोचिडीसारखा अंगाला चिकटतो आणि सोबत विषाणू पसरवतो. उपासमारही आहे. बांध नांगरले, बाभळी-करंज तुटले, तणनाशकाने रानफुले गेली, तर वर्षाचे बाकीचे दिवस माशीने खायचे काय? पण मधुमेही माणूस न्यूमोनियाने गेला तर आम्ही दाखल्यावर दोन्ही कारणे लिहितो. २०१३ साली इटलीतील संशोधकांनी दाखवले की क्लोथियानिडिनच्या अल्प मात्रेने मधमाशीची प्रतिकारशक्ती दबते आणि तिच्या अंगात आधीपासून असलेला विषाणू उसळून येतो. म्हणजे मारणारा विषाणू असला तरी त्याला दार उघडून देणारा दुसराच असू शकतो.

मधमाशी संपली तर माणूस चार वर्षांत संपेल, असे एक वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर फिरते. त्यांनी ते म्हटल्याचा पुरावा नाही, आणि ते खरेही नाही. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांना माशी लागत नाही. भाकरी मिळत राहील. कमी होईल ते भाकरीसोबतचे. भोपळा, काकडी, कारले, कलिंगड, डाळिंब, सूर्यफुलाचे तेल, कांद्याचे आणि कोथिंबिरीचे बी. जीवनसत्त्वे व क्षार ज्यातून मिळतात तो ताटाचा डावा-उजवा भाग महाग होईल, आणि महाग झालेली वस्तू आपल्याकडे प्रथम बायकांच्या आणि लेकरांच्या ताटातून जाते. रक्ताची कमतरता असलेल्या बायका आजच माझ्याकडे कमी नाहीत.

तालुक्यात विषबाधेचा माणूस दाखल झाला तर त्याचा कागद होतो, पोलिसांना कळवले जाते. पेट्या मेल्या तर त्याची नोंद घेणारे कोणी माझ्या पाहण्यात नाही. कृषी खात्याच्या तालुका कार्यालयात एक वही ठेवली तरी सुरुवात होईल. कोणत्या गावात, कोणत्या तारखेला, कोणत्या पिकाच्या फुलोऱ्यात, कोणती औषधे मिसळून मारली होती, एवढेच चार रकाने. दोन हंगामांत कोणते मिश्रण घात करते ते आपोआप दिसेल. आणि दुकानदाराने बिलावर पिकाच्या नावापुढे "फुलात" किंवा "फुलाआधी" हा एक शब्द लिहावा. त्याला खर्च काही येत नाही.

तोवर शेजाऱ्यांनी एकमेकांना निरोप द्यावा. माशी दोन-तीन किलोमीटर फिरते, म्हणून निरोप बांधापुरता नको, वस्तीभर हवा. फवारायचेच असेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत पेटीवाल्याला कळवा. तो रात्री, माश्या घरात आल्यावर, पेटीच्या दाराला जाळी लावून वर ओले गोणपाट टाकू शकतो आणि दुसरा अर्धा दिवस त्या आत ठेवू शकतो. पेटी सावलीत हवी, हवा खेळती हवी, आत पाणी हवे, आणि दुपारच्या उन्हात ती बंद ठेवू नये, नाहीतर माश्या गुदमरून मरतील. फवारा आंतरप्रवाही औषधाचा असेल तर अर्ध्या दिवसाने भागणार नाही, पेट्या त्याच रात्री तीन किलोमीटरच्या बाहेर हलवाव्या लागतील. टेंपोचे भाडे कोणी द्यायचे, हे दोघांनी आधीच बोलून घ्यावे.